न्यू केलेल्या ऑब्जेक्टचा मॉक कसा करायचा? (कन्स्ट्रक्टर, युनिट टेस्ट आणि जुना कोड)

अर्धविराम

नमस्कार मंडळी. जुन्या जावा कोडला टेस्ट लावायचं काम गळ्यात पडलंय. पावतीसेवा नावाचा एक क्लास आहे. त्याची पाठव ही मेथड ऑर्डर घेते, पावतीचा मजकूर तयार करते आणि मेल करते. अडचण मेलपाशी आहे. मेथडच्या मधोमध ही ओळ बसलीय:

मेलक्लायंट क्लायंट = न्यू मेलक्लायंट(खाते.होस्ट(), खाते.पोर्ट());

हा कन्स्ट्रक्टर (न्यू म्हटलं की चालणारा कोड) नुसती फील्डं भरून गप्प बसत नाही, तिथल्या तिथे सॉकेट (नेटवर्कची जोडणी) उघडतो. म्हणजे टेस्ट चालवली की ती थेट खऱ्या मेल सर्व्हरचं दार वाजवते. सर्व्हर नाही मिळाला की टाइमआउट होईपर्यंत लटकते आणि मग पडते.

अ‍ॅट-मॉक लावून मेलक्लायंटचा मॉक (टेस्टपुरता नकली ऑब्जेक्ट) करून पाहिला, पण पावतीसेवा स्वतःचा ऑब्जेक्ट स्वतःच बनवते, माझ्या मॉककडे ढुंकूनही बघत नाही. मॉकिटो या मॉक बनवणाऱ्या लायब्ररीच्या व्हेनमध्ये सरळ न्यू मेलक्लायंट लिहिलं तर 'व्हेनला मॉकवरचा मेथड कॉल लागतो' अशा अर्थाचं एक्सेप्शन येतं, आणि तेही सॉकेट उघडून झाल्यावर!

जावा ८, जेयुनिट ४ (टेस्ट चालवणारी लायब्ररी), मॉकिटो २. मुख्य कोडला सध्या हात लावायचा नाही. टेस्ट आधी, बदल नंतर, असा वरून हुकूम आहे. काय मार्ग?

(कोड देवनागरीतच टंकलाय, सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा.)

टेस्टपाखरू

पॉवरमॉक, मॉक करायचीच दुसरी लायब्ररी. व्हेन्यू (म्हणजे व्हेन + न्यू) लिहा, विथएनीआर्ग्युमेंट्स लावा, देनरिटर्नमध्ये तुमचा मॉक द्या. संपला विषय. जेयुनिट ४ वर आहात म्हणजे त्याचा रनरही चालेल.

रात्रपाळी

@टेस्टपाखरू, विषय संपत नाही, तिथून सुरू होतो :)

अर्धविराम, पॉवरमॉक नव्याने आणू नका. त्याची शेवटची आवृत्ती २.०.९, ती २०२० सालची. त्यानंतर सामसूम. जेयुनिट ५ साठी अधिकृत आधार आलाच नाही, त्यामुळे पुढे कधी जेयुनिट बदलायचं म्हटलं की हीच टेस्ट पायात बेडी होऊन बसेल. त्याच २०२० मध्ये मॉकिटोने ही सोय स्वतःच दिली: ३.४.० मध्ये स्टॅटिक मेथडींसाठी मॉकस्टॅटिक आणि पाठोपाठ ३.५.० मध्ये मॉककन्स्ट्रक्शन.

तुम्ही जावा ८ वर आहात म्हणजे मॉकिटो ५ तुमच्यासाठी नाही, त्याला किमान जावा ११ लागतं. ४ च्या मालिकेतली ४.११.० घ्या आणि मॉकिटो-कोरऐवजी मॉकिटो-इनलाइन ही डिपेंडन्सी लावा. (५ पासून इनलाइन हाच डिफॉल्ट झाला, तिथे ही वेगळी भानगड नाही.) मग:

ट्राय (मॉक्डकन्स्ट्रक्शन<मेलक्लायंट> नवे = मॉककन्स्ट्रक्शन(मेलक्लायंट.क्लास)) {
    सेवा.पाठव(ऑर्डर);
    असर्टइक्वल्स(१, नवे.कन्स्ट्रक्टेड().साइझ());
    व्हेरिफाय(नवे.कन्स्ट्रक्टेड().गेट(०)).धाड(एनी());
}

त्या कंसाच्या आत जो कुणी न्यू मेलक्लायंट म्हणेल त्याला मॉक मिळेल. कन्स्ट्रक्टरचं अंग चालणारच नाही, म्हणजे सॉकेट नाही. जन्मलेले सगळे मॉक कन्स्ट्रक्टेड या यादीत सापडतात. साइझची ओळ गाळू नका. ऑब्जेक्ट बनलाच नाही तर पुढच्या ओळीला इंडेक्स-आउट-ऑफ-बाउंड्स मिळतं, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की नक्की काय बिनसलं.

ट्रायमध्येच लिहा. बिफोरमध्ये उघडलंत तर आफ्टरमध्ये क्लोज करायला विसरू नका. उघडं राहिलं तर त्याच थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या प्रवाहांपैकी एक) पुढे जी टेस्ट तोच क्लास मॉक करायला जाईल ती 'आधीच नोंदलेलं आहे' म्हणून पडते. करणारी टेस्ट हिरवी (पास) आणि भोगणारी लाल (नापास). शोधायला महाकठीण.

शून्यनिर्देशक

रात्रपाळींना अनुमोदन. एक पुरवणी. कन्स्ट्रक्टरचं अंग चालत नाही हे खरं, पण त्याला दिलेली आर्ग्युमेंट्स मोजली जातातच. न्यू मेलक्लायंट(सेटिंग.फाइलमधूनवाच()) असं असेल तर फाइल खरोखर वाचली जाईल. क्लासमधला स्टॅटिक ब्लॉकही चालतो. काही जुन्या लायब्रऱ्या नेमक्या तिथेच नेटिव्ह लायब्ररी चढवतात. म्हणजे मॉक करूनही टेस्ट पडली तर आधी या दोन जागा बघा.

अर्धविराम

रात्रपाळी, शून्यनिर्देशक, आभार! डिपेंडन्सी बदलली, टेस्ट लिहिली, लटकणं बंद. पण नवीनच गंमत: साइझ १ ऐवजी ३ येतोय. मेथड एकदाच बोलावलीय. मॉकिटो दुप्पट-तिप्पट मोजतं का?

रात्रपाळी

धाड काय परत करते? बूलियन का?

अर्धविराम

हो, बूलियन. मेल गेला तर ट्रू.

रात्रपाळी

मग मोजणी बरोबर आहे. मॉकला काही शिकवलं नसलं की तो बूलियनला फॉल्स, आकड्याला शून्य, यादीला रिकामी यादी आणि बाकी बहुतेक ऑब्जेक्टना नल देतो. तुमच्या कोडला फॉल्स मिळाला, त्याला वाटलं मेल गेला नाही, आणि त्याने नवा क्लायंट बनवून पुन्हा प्रयत्न केला असणार. कोडमध्ये ३ प्रयत्नांची मर्यादा दिसतेय का बघा.

मॉककन्स्ट्रक्शनला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून लॅम्डा (छोटं निनावी फंक्शन) देता येतो. प्रत्येक मॉक जन्मला की तो चालतो:

(मॉक, संदर्भ) -> व्हेन(मॉक.धाड(एनी())).देनरिटर्न(ट्रू)

त्यातला संदर्भ फार कामाचा आहे. संदर्भ.आर्ग्युमेंट्स() मधून कन्स्ट्रक्टरला काय दिलं गेलं ते कळतं, म्हणजे होस्ट आणि पोर्ट योग्य खात्याचे होते का ते तपासता येतं. संदर्भ.गेटकाउंट() हा मॉक कितवा ते सांगतो. पहिल्याला फॉल्स शिकवा, दुसऱ्याला ट्रू, आणि फेरप्रयत्नाची टेस्ट फुकटात मिळाली. खऱ्या सर्व्हरवर हे घडवून आणायला किती द्राविडी प्राणायाम करावा लागला असता!

अर्धविराम

आहे, ३ ची मर्यादा आहे, खासगी कॉन्स्टंटमध्ये दडलेली. या क्लासमध्ये फेरप्रयत्न होतात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. गेटकाउंटने टेस्ट लिहिली, हिरवी झाली.

जुनेखोड

धागा वाचतोय. उपाय बरोबर आहेत, पण कुणीतरी कडू बोलायला हवं म्हणून बोलतो.

टेस्ट लिहायला त्रास होतो तेव्हा ती टेस्ट तुम्हाला डिझाइनबद्दल काहीतरी सांगत असते. इथे ती सांगतेय की पावतीसेवा मेल कसा पाठवायचा हेही ठरवते आणि कुणामार्फत पाठवायचा हेही. मॉककन्स्ट्रक्शन लावलंत की ती तक्रार ऐकू येईनाशी होते. शिवाय आता टेस्टला आतली गोष्ट माहीत आहे: कुठला क्लास न्यू होतो आणि किती वेळा. उद्या कुणी प्रत्येक प्रयत्नाला नवा क्लायंट बनवण्याऐवजी एकच क्लायंट तीनदा वापरला तर वागणूक तीच, मेल तोच, पण टेस्ट लाल. अशा टेस्ट लोक वैतागून काढून टाकतात.

माझं मत: क्लायंट कन्स्ट्रक्टरमधून आत द्या. बाहेरून द्या म्हणजे मॉकसाठी ही कसरत लागणारच नाही.

रात्रपाळी

जुनेखोड, तत्त्व मान्य. पण धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय, मुख्य कोडला हात लावायचा नाही. आणि तो हुकूम शहाणपणाचाच आहे. टेस्ट नसलेल्या कोडची रचना बदलायची आणि मग टेस्ट लिहायची, म्हणजे बदलताना काय मोडलं ते कधी कळणारच नाही. आत्ताच बघा ना, फेरप्रयत्न होतात हे या टेस्टमुळेच उघड झालं. आधी क्लायंट बाहेर काढला असता तर एकच क्लायंट तीनदा वापरला गेला असता, आणि तो तुटलेल्या सॉकेटवरच धाड धाड करत बसला असता. पहिली टेस्ट बसेपर्यंत मॉककन्स्ट्रक्शन, त्या टेस्टच्या आधाराने रचना बदलायची, मग मॉककन्स्ट्रक्शन काढायचं.

जुनेखोड

'मग काढायचं' हे कुणी काढताना मी अजून पाहिलं नाही.

टेस्टपाखरू

😂 याला मात्र माझंही अनुमोदन.

नागमोडी

पायथनवाल्यांचा आवाज. आमच्याकडे हा प्रश्नच सौम्य आहे, कारण क्लास म्हणजे मॉड्यूलमधलं एक नाव. युनिटटेस्ट-डॉट-मॉक हे पायथन ३.३ पासून भाषेबरोबरच येतं, त्यातला पॅच वापरायचा.

लोक ठेचकाळतात ते एकाच ठिकाणी: पॅच कुठे करायचं. क्लास मेल मॉड्यूलमध्ये आहे आणि पावती मॉड्यूलने तो फ्रॉम-इम्पोर्ट करून घेतलाय, तर मेलमधलं नाव बदलून काहीच होत नाही. पावतीपाशी त्या नावाची स्वतःची प्रत आहे. 'पावती.मेलक्लायंट' असं पॅच करायचं, म्हणजे नाव जिथे वापरलं जातं तिथे. दुसरं, पॅचने हातात येतो तो क्लासचा मॉक. ऑब्जेक्ट हवा तर त्याचा रिटर्नव्हॅल्यू. विथ ब्लॉकमध्ये क्लायंट उघडत असाल तर आणखी एक पायरी, रिटर्नव्हॅल्यूच्या एंटरचा रिटर्नव्हॅल्यू. इथे माणूस एक पायरी चुकतो आणि टेस्ट काहीही न तपासता हिरवी होते.

ऑटोस्पेक=ट्रू लावाच. नाहीतर मॉक कुठलीही आर्ग्युमेंट्स निमूट गिळतो. कन्स्ट्रक्टरला नवीन आर्ग्युमेंट आलं, खरा कोड मोडला, टेस्ट मात्र मजेत.

काही जण इनिटलाच (पायथनचा कन्स्ट्रक्टर) पॅच करतात. करायचंच तर रिटर्नव्हॅल्यू नन द्या, नाहीतर 'इनिटने नन परत करायला हवं' म्हणून टाइपएरर येतो.

बाणवाला

जावास्क्रिप्टमध्ये जेस्ट ही टेस्टची लायब्ररी. दोन गोष्टी. जेस्ट-डॉट-मॉकच्या फॅक्टरीतून (मॉक बनवून देणारं फंक्शन) नुसतं अ‍ॅरो फंक्शन परत केलंत तर 'इज नॉट अ कन्स्ट्रक्टर' येतं, कारण अ‍ॅरो फंक्शनवर न्यू चालतच नाही. साधं फंक्शन द्या किंवा जेस्ट-डॉट-एफएनमध्ये गुंडाळा. आणि बॅबेल-जेस्ट ती मॉकची ओळ फाइलच्या माथ्यावर उचलून नेतं, त्यामुळे बाहेरचं व्हेरिएबल फॅक्टरीत वापरायचं तर त्याचं नाव मॉकने सुरू व्हावं लागतं, आणि तरीही ते वेळेत भरलेलं असेल याची खात्री तुमची तुम्हीच करायची.

माणिक

रुबीत न्यू ही क्लासवरची साधी मेथड आहे. अलाउ(मेलक्लायंट).टू रिसीव्ह(:न्यू), झालं. चर्चा वाचून गरीब जावावाल्यांची दया आली.

शून्यनिर्देशक

दया राहू द्या, डबे भरून पाठवा :)

सी शार्पवाल्यांची अवस्था आमच्याहून वाईट आहे. मॉकने (त्यांच्या लायब्ररीचं नावच ते) न्यू अडवता येत नाही. मायक्रोसॉफ्ट फेक्सचे शिम्स आहेत, पण ते व्हिज्युअल स्टुडिओच्या एंटरप्राइझ आवृत्तीतच. पीएचपीत मॉकरीचा ओव्हरलोड आहे, पण तो क्लास त्याआधी लोड झालेला चालत नाही, म्हणून अशी टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवावी लागते.

अर्धविराम

मंडळी, परत आलोय. आता दुसरी मेथड, सगळ्यांनापाठव. ती ऑर्डरींची यादी घेते आणि प्रत्येकीसाठी पाठव बोलावते. टेस्ट तशीच लिहिली, तोच ट्राय, तोच लॅम्डा. पण इथे साइझ ० येतो आणि लॉगमध्ये 'कनेक्शन नाकारलं' दिसतं. म्हणजे खरा मेलक्लायंट बनतोय! एका मेथडीत मॉक चालतो आणि दुसरीत नाही, हे कसं?

शून्यनिर्देशक

सगळ्यांनापाठवमध्ये एक्झिक्युटर (कामं दुसऱ्या थ्रेडवर सोपवणारा) आहे का? किंवा कम्प्लीटेबलफ्युचर, पॅरलल स्ट्रीम असलं काही?

अर्धविराम

आहे. क्लासच्या आतच ४ थ्रेडचा फिक्स्ड पूल बनवलाय.

शून्यनिर्देशक

मग कोडं सुटलं. मॉककन्स्ट्रक्शन ज्या थ्रेडवर उघडलं त्याच थ्रेडपुरतं असतं. टेस्टचा थ्रेड वेगळा, पूलमधले थ्रेड वेगळे. तिथे न्यू म्हटलं की खराच ऑब्जेक्ट. हे मुद्दाम तसं केलंय. नाहीतर टेस्ट समांतर चालवल्या की एकीचा मॉक दुसरीच्या अंगावर आला असता.

पॅरलल स्ट्रीम असता तर अजून मजा. तिथे काही काम बोलावणाऱ्याच्या थ्रेडवरही होतं, त्यामुळे काही ऑब्जेक्ट मॉक आणि काही खरे, दर वेळी वेगळं प्रमाण.

उपाय एकच, काम टेस्टच्याच थ्रेडवर करून घ्या. एक्झिक्युटर हा एका मेथडचा इंटरफेस आहे, रनेबल::रन दिलं की झाला तिथल्या तिथे चालवणारा एक्झिक्युटर. पण तो आत द्यायला क्लासला वाट हवी.

जुनेखोड

म्हणजे मुख्य कोडला हात लावावा लागणार. आणि एक्झिक्युटर आत द्यायला वाट करायचीच आहे तर त्याच वाटेने क्लायंटही जाऊ द्या की.

रात्रपाळी

इथे मीही जुनेखोडांच्या बाजूला. पाठवला टेस्ट बसल्यात, फेरप्रयत्नासकट, म्हणजे आधार तयार आहे. वरच्यांना दाखवा आणि परवानगी घ्या. पण क्लायंट आत द्यायचा म्हणजे नक्की काय द्यायचं, यावर थोडं थांबा.

मेलक्लायंटचा एक ऑब्जेक्ट थेट कन्स्ट्रक्टरमधून दिलात तर तीन गोष्टी बदलतात. पहिली, होस्ट आणि पोर्ट खात्यागणिक वेगळे आहेत, एक ऑब्जेक्ट सगळ्यांना पुरणार नाही. दुसरी, पावतीसेवा बहुधा सिंगलटन (अख्ख्या प्रोग्रामला एकच ऑब्जेक्ट) असेल. मग तोच क्लायंट ४ थ्रेड एकदम वापरणार, आणि एका सॉकेटवर दोन मेलांचे आदेश एकमेकांत मिसळले तर सर्व्हर काय उत्तर देईल ते देवाला ठाऊक. तिसरी, मेल सर्व्हर रिकामं बसलेलं कनेक्शन काही वेळाने तोडतात. आज दर मेलला नवा सॉकेट असल्याने ते जाणवत नाही, उद्या पहाटेचा पहिला मेल पडायला लागेल. त्या न्यूला तिथे असण्याचं कारण होतं. लिहिणाऱ्याला ते माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे.

म्हणून ऑब्जेक्ट देऊ नका, ऑब्जेक्ट बनवणारा द्या. एका मेथडचा इंटरफेस पुरे: होस्ट आणि पोर्ट घ्या, मेलक्लायंट द्या. खऱ्या कोडमध्ये तिथे मेलक्लायंट::न्यू, टेस्टमध्ये (होस्ट, पोर्ट) -> मॉक. दर मेलला नवा ऑब्जेक्ट ही वागणूक तशीच राहते. आणि जुना आर्ग्युमेंट नसलेला कन्स्ट्रक्टर काढू नका. तो आतून नव्याला मेलक्लायंट::न्यू आणि जुना पूल देऊन बोलावेल. बाकीच्या कोडला कळणारही नाही की आत काही हललं.

शून्यनिर्देशक

इंटरफेसही नको असेल तर न्यूची ओळ प्रोटेक्टेड मेथडीत उचला, क्लायंटबनव, आणि टेस्टमध्ये सबक्लास करून ती ओव्हरराइड करा. स्पायने (खऱ्या ऑब्जेक्टवरच बसवलेला मॉक) करायचं तर डूरिटर्न आधी लिहा. व्हेन(स्पाय.क्लायंटबनव()) लिहिलंत तर ती खरी मेथड एकदा चालतेच, आणि सॉकेट परत आला. आणि ही मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलावू नका. तेव्हा सबक्लासची फील्डं भरलेली नसतात, नल हातात येतो.

टेस्टपाखरू

एक मूलभूत शंका. मग आता प्रत्येक न्यूला फॅक्टरी लावायची का? न्यू अ‍ॅरेलिस्टला पण? आमच्याकडे एका प्रोजेक्टमध्ये हे केलंय. बिगडेसिमलचीही फॅक्टरी आहे. कुठलीही ओळ वाचायला तीन फाइली उघडाव्या लागतात.

जुनेखोड

अजिबात नाही, आणि हे माझ्या नावावर खपवू नका. अ‍ॅरेलिस्ट, बिगडेसिमल, ऑर्डर, पत्ता, हे सगळं खुशाल न्यू करा. ते बाहेर कुठे जात नाहीत, तेच इनपुट दिलं की तेच उत्तर देतात. त्यांचा मॉक करणं हाच गुन्हा आहे, खरा ऑब्जेक्ट वापरा. वाट हवी ती जो ऑब्जेक्ट नेटवर्कवर जातो, फाइलला हात घालतो, घड्याळ बघतो किंवा फासे टाकतो त्याच्यासाठी.

घड्याळावरून आठवलं. न्यू डेटचा मॉक कसा करू, हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. त्याला मॉक लागतच नाही. जावा ८ पासून क्लॉक हा क्लास आहे, तो आत द्या आणि टेस्टमध्ये क्लॉक.फिक्स्ड. महिनाअखेर, लीप वर्ष, मध्यरात्र, सगळं हातात येतं.

चौकसबुद्धी

उशिरा आले, पण एक वेगळी बाजू. मेलक्लायंट मॉक केल्यावर मेल खरंच नीट तयार होतो का, हे कोण बघतं? विषयात देवनागरी असेल तर एन्कोडिंग बरोबर जातं का? जोडपत्र लागतं का? मॉक या कशाचीच खात्री देत नाही. तो फक्त सांगतो की धाड बोलावली गेली. मी अशा ठिकाणी ग्रीनमेल लावते. टेस्टच्या आतच खरा एसएमटीपी सर्व्हर उभा राहतो, त्याच्या टेस्टसाठीच्या सेटिंगमध्ये पोर्ट ३०२५. क्लायंट खरा, सॉकेट खरा, मेल आला की उघडून विषय वाचायचा. न्यूचा प्रश्न उरतच नाही, फक्त खात्याचा होस्ट आणि पोर्ट टेस्टमधून द्यायचा.

रात्रपाळी

उत्तम सूचना, आणि अर्धविराम यांच्या बाबतीत होस्ट-पोर्ट खात्यातूनच येतात, म्हणजे कोडला हात न लावताही जमेल. थ्रेडचीही अडचण नाही, सॉकेटला कुठला थ्रेड आला याचं सोयरसुतक नसतं. फेरप्रयत्न, टाइमआउट, अर्धवट तुटणं हे मात्र मॉकनेच स्वस्तात होतं. दोन्ही ठेवा.

टेस्टपाखरू

आता माझं दुखणं. वर मी पॉवरमॉक सुचवलं कारण आमच्याकडे तेच भरलंय. पण जावा १७ वर जायचंय आणि निम्म्या टेस्ट रिफ्लेक्शनच्या एक्सेप्शनने कोसळतायत. मॉककन्स्ट्रक्शनवर आणायच्या तर नुसतं शोधा-आणि-बदला करून भागेल का?

शून्यनिर्देशक

नाही भागणार. जावा १७ ने जेडीकेच्या आतली दारं बंद केली. अ‍ॅड-ओपन्सचे पर्याय देऊन काही दिवस ढकलता येईल, पण ते औषध नव्हे. आणि दोघांची तऱ्हा उलटी आहे. पॉवरमॉक न्यू म्हणणाऱ्या क्लासचा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) बदलतं, म्हणून प्रिपेअरफॉरटेस्टमध्ये पावतीसेवा लिहावी लागते, मेलक्लायंट नव्हे. तो क्लास वेगळ्या क्लासलोडरने चढतो, म्हणूनच जॅकोको (टेस्टनी किती कोड चालवला ते, म्हणजे कव्हरेज, मोजणारं साधन) नेहमीच्या पद्धतीने लावलं तर त्याचं कव्हरेज ० दिसतं. मॉकिटो जो बनतोय त्याच क्लासचा बाइटकोड बदलतं. त्यामुळे प्रिपेअरफॉरटेस्टच्या ओळी बिनधास्त उडवा, कव्हरेजही परत येईल.

अडेल ते इथे. व्हेन्यूला तुम्ही तयार ऑब्जेक्ट देऊ शकत होतात, 'न्यू झालं की हा घे'. मॉककन्स्ट्रक्शनला तसं सांगता येत नाही. तो स्वतःचाच मॉक बनवतो, तुम्ही फक्त त्याला शिकवू शकता. आधीचा तयार फेक वापरायचाच असेल तर मॉककन्स्ट्रक्शनविथआन्सरमध्ये डेलिगेट्सटू(फेक) द्या, सगळे कॉल तिकडे वळतील. विथआर्ग्युमेंट्सने वेगवेगळी वागणूक दिली असेल तर लॅम्डात संदर्भ.आर्ग्युमेंट्स बघून फाटे फोडा. एकेक फाइल हातानेच करावी लागेल. आणि करताना प्रत्येकीला विचारा, हा न्यू मॉक करायची खरंच गरज होती का. बऱ्याच ठिकाणी साधी डेटा ठेवणारी क्लास मॉक केलेली सापडेल.

टेस्टपाखरू

सापडलीच. पत्ता नावाची. गेटर-सेटरशिवाय काही नाही, आणि तिला व्हेन्यू. काढून खरा ऑब्जेक्ट ठेवला, टेस्ट अर्ध्या लांबीची झाली.

अर्धविराम

परवानगी मिळाली! फेरप्रयत्नाची टेस्ट दाखवल्यावर फार समजवावं लागलं नाही. रात्रपाळींच्या सांगण्यानुसार दुसरा कन्स्ट्रक्टर केला: बनवणारा आणि एक्झिक्युटर. सगळ्यांनापाठवची टेस्ट रनेबल::रनने हिरवी. पाठवच्या टेस्टमधलं मॉककन्स्ट्रक्शन काढून तिथे लॅम्डा ठेवला. (जुनेखोड, नोंद घ्यावी, काढलं.) ग्रीनमेलची एक टेस्ट वेगळी लिहिली, आणि ती पहिल्याच फटक्यात लाल. विषयातलं देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन जात होतं. मजकुराला यूटीएफ-८ लावलं होतं, विषयाला नव्हतं.

एकाच ठिकाणी मॉककन्स्ट्रक्शन राहिलंय. मेलक्लायंट न्यू करणारा आणखी एक क्लास बाहेरून आलेल्या जारमध्ये आहे, त्याचा सोर्सच नाही.

जुनेखोड

नोंद घेतली :) जारमधल्याला इलाज नाही, राहू द्या. टेस्टच्या वर एक ओळ टाका की हे इथे का आहे, म्हणजे उद्या कुणी ते बघून दुसरीकडे चिकटवणार नाही.

चौकसबुद्धी

जाता जाता एक प्रश्न, धागा त्यातलाच आहे म्हणून. जावा २१ वर मॉकिटो ५ ने टेस्ट चालवल्या की 'जावा एजंट चालू असताना चढवला गेला' असा इशारा येतो. दुर्लक्ष केलं तर चालेल का?

रात्रपाळी

आज चालेल, पुढे नाही. इनलाइन मॉक चालू जेव्हीएममध्ये स्वतःचा एजंट (क्लासचा बाइटकोड बदलू शकणारा कोड) चढवतो. २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ पासून त्यावर इशारा येतो, आणि पुढच्या कुठल्यातरी आवृत्तीत हे डिफॉल्टने बंद करायचा बेत आहे. शुअरफायरच्या (मेव्हनचा टेस्ट चालवणारा प्लगइन) आर्गलाइनमध्ये जावाएजंट म्हणून मॉकिटो-कोरच्या जारचा पत्ता द्या, इशारा जाईल. मेव्हन असेल आणि सोबत जॅकोको असेल तर एवढं सांभाळा: जॅकोकोही आपला एजंट त्याच आर्गलाइनमधून देतं. तुम्ही ती सरळ लिहिलीत तर त्याचा एजंट पुसला जातो आणि कव्हरेज गायब होतं. आपल्या मजकुराच्या आधी अ‍ॅट चिन्ह आणि महिरपी कंसात आर्गलाइन असं लिहा, म्हणजे दोन्ही राहतात.